नांगरटीआधी जुन्या मॅसीची लिफ्ट तपासून घ्या

वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की नांगरटीची घाई सुटते, आणि नेमकी तेव्हाच जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबावर उचलणारी यंत्रणा, दगा देते. मॅसी फर्ग्युसनचा ३५ किंवा १०३५ ट्रॅक्टर वापरणाऱ्यांनी लिफ्ट कमजोर वाटली म्हणून लगेच टॉप कव्हर (लिफ्टचं वरचं झाकण) उघडायला लावू नये. आधी तेल बघा.

या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचं तेल एकच असतं. चार पिस्टनचा पंप त्याच तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टवर फिरतो. पीटीओचा दांडा न्यूट्रलला राहिला की पंप बंद, मग लिफ्ट उचलणार कशी? एवढ्यासाठी मिस्त्री बोलावल्याचं मी पाहिलंय. तेल कमी असेल किंवा तेल गाळणारी जाळी गाळाने भरली असेल, तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि लिफ्ट हिसके देत उचलते. एका पावसाळ्यात चिखलणीनंतर मी डिपस्टिक काढली, तर तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. पाणी शिरलं होतं. हंगाम संपू दे म्हणून तसंच चालवलं, आणि पुढे पंपच उतरवावा लागला. असं तेल दिसलं की त्याच दिवशी बदला.

तेल चांगलं असेल तर नांगर पूर्ण उचला आणि इंजिन चालू ठेवून दूर उभं राहून बघा. नांगर थोडा खाली येतो, परत वर जातो, अशी मान हलत असेल तर सिलिंडरमधलं तेल कुठून तरी निसटतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा सील बघावं लागेल. उचललेल्या नांगराखाली मात्र लाकडी ठोकळे लावल्याशिवाय हातसुद्धा घालू नका.

नांगर जमिनीत घुसत नसेल तर दोष बहुधा लिफ्टचा नसतो. तेल फक्त उचलतं, नांगर खाली जातो तो स्वतःच्या वजनाने. फाळ झिजलाय का बघा, टॉप लिंक (नांगराला ट्रॅक्टरशी जोडणारी वरची दांडी) एक-दोन आटे आखूड करा.

ही लिफ्ट शोधून काढणाऱ्या हॅरी फर्ग्युसनची खरी करामत टॉप लिंकमागच्या स्प्रिंगमध्ये आहे. कडक जमीन लागली की नांगर टॉप लिंक पुढे रेटतो, स्प्रिंग दबते, आतला व्हॉल्व्ह सरकतो आणि नांगर बोटभर वर येतो. ओढ कमी झाली की परत खाली बसतो. त्यामुळे चाकं घसरत नाहीत आणि नांगराचा भार मागच्या चाकांना पकड देतो. टॉप लिंक सोडून ती ट्रॅक्टरला जिथे बसते तो स्प्रिंगचा जोड हाताने हलवा. पुढे-मागे खेळ अजिबात नको, पण हाताने फिरवला तर तो फिरला पाहिजे. खेळ असेल तर नांगर एका ओळीत खोल, दुसऱ्या ओळीत उथळ चालतो.

हे सगळं ड्राफ्टच्या, म्हणजे ओढीप्रमाणे नांगर वर-खाली करणाऱ्या दांड्यावरचं काम. नांगर आणि कल्टिव्हेटरला तोच वापरा. रोटाव्हेटरला आणि फवारणी पंपाला पोझिशनचा, म्हणजे अवजार एकाच उंचीवर धरणारा दांडा.