बंद पडलेल्या फियाट एजन्सीच्या वस्तू आणि आठवणी कशा जपाव्यात

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघणारी फियाट, आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली तीच गाडी, ज्या दुकानांतून महाराष्ट्रातल्या घरांपर्यंत पोहोचली त्यांना लोक नुसते ‘एजन्सी’ म्हणत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा तिच्यावर भरपूर लिहिले गेले. एजन्स्या मात्र त्याच्या कितीतरी आधी, फारसा गाजावाजा न होता, एकेक करून बंद झाल्या होत्या. अशा एखाद्या एजन्सीचे सामान माळ्यावर, शेडमध्ये किंवा वारसांच्या घरी पडून असेल आणि ते जपण्याची जबाबदारी आपल्याकडे आली असेल, तर पुढील पद्धत उपयोगी पडेल.

सर्वांत आधी कोणतीही वस्तू जागेवरून हलवू नये. शोरूम, वर्कशॉप, स्पेअर पार्ट्सचा काउंटर आणि हिशेबनिसाची खोली यांची छायाचित्रे आहे त्या अवस्थेत काढावीत, कपाटे उघडून खणही टिपावेत, आणि कोणती वस्तू कुठे सापडली हे एका साध्या वहीत क्रमांक घालून लिहावे. किल्ल्या टांगण्याच्या फळीवर राहिलेली एक किल्ली त्या फळीसोबत असते तोवरच काही सांगते. खिशात घालून घरी आणली की ती कुठल्याही जुन्या फियाटची किल्ली होऊन बसते. कागदावर क्रमांक घालायचा असल्यास तो मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात घालावा.

काय आधी वाचवावे याबाबत बहुतेकांचा क्रम उलटा असतो. सगळ्यांची नजर दर्शनी इनॅमलच्या पाटीवर जाते, आणि तिला मोल देणारे शौकीनही लगेच भेटतात. परंतु पाटी आणखी ५० वर्षे टिकेल. रद्दीत पहिल्यांदा जातात ती बुकिंगची रजिस्टरे, जॉब कार्डे, डिलिव्हरी चलनांची कार्बन प्रत, भावपत्रके आणि कंपनीकडून आलेली परिपत्रके. एखादी गाडी कोणत्या इंजिन आणि चॅसिस क्रमांकाने, कोणत्या रंगात, कोणत्या दिवशी बाहेर पडली हे फक्त त्यांच्यातच सापडते. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र नोंदणीचे नियम आणल्यापासून जुन्या गाडीच्या मालकांनाही या नोंदींची ओढ वाटू लागली आहे. म्हणून आधी कागद, मग छायाचित्रे, त्यानंतर डीलरच्या नावाचे बिल्ले, कीचेन, कॅलेंडरे, डायऱ्या व हत्यारे, आणि पाटी सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा.

तारीख नसलेल्या वस्तूचा काळ ठरवणे हे या कामातले सर्वांत रंजक अंग आहे, आणि त्याच्या खुणा वस्तूवरच असतात. रक्कम आण्यांत असेल तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचा समजावा; ‘नये पैसे’ असा उल्लेख त्यानंतरचा आणि साधारण १९६४ पर्यंतचा असतो. पत्त्यात नुसते ‘मुंबई ७’ असेल तर ते लेटरहेड १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू होण्यापूर्वी छापलेले असण्याची शक्यता अधिक असते. ‘एमएच-१२’ यासारखा क्रमांक असलेली गाडी १९८८ चा मोटार वाहन कायदा जुलै १९८९ मध्ये लागू झाल्यानंतरच्या नोंदणीची असते. त्याआधीच्या पाट्यांवर तीन अक्षरे असत. गाडीचा आकारही बोलतो: गोलसर अंगाची, पुढची दारे उलटी उघडणारी ‘डुक्कर फियाट’ पन्नाशीच्या दशकाकडे बोट दाखवते, चौकोनी ‘डिलाइट’ १९६४ पासून दिसते. मात्र येथे एक सावधगिरी बाळगावी. छापील खुणेवरून वस्तू ‘याच्या आधीची नाही’ एवढेच खात्रीने म्हणता येते, कारण जुनी बिलबुके संपेपर्यंत वापरण्याची आपल्याकडे रीतच होती आणि नवा पत्ता रबरी शिक्क्याने मारून काम भागवले जाई. डिलिव्हरीच्या छायाचित्रांत आणखी एक अडचण येते, ती म्हणजे बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक आणि हार असतो, पेढ्यांचा पुडा असतो, पण नंबरप्लेट मात्र अजून लागलेली नसते. अशा वेळी मागे उभ्या असलेल्या इतर गाड्यांचे नंबर आणि भिंतीवरचे कॅलेंडर भिंगातून पाहावे.

कागदांची साफसफाई पावसाळ्यात हाती घेऊ नये. गंजलेल्या टाचण्या व स्टेपल हळुवार काढाव्यात, धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडावी, आणि बुरशी आलेली रजिस्टरे वेगळी करून, नाकातोंडावर मास्क लावून, मोकळ्या हवेत सावलीत वाळू द्यावीत. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण हे दोन्ही उपाय काही वर्षांतच मूळ दुखण्यापेक्षा मोठे होतात. वर्कशॉप मॅन्युअलवरचे ग्रीसचे अंगठे पुसण्याचे काही कारण नाही. ते पुस्तक खरोखर वापरले गेल्याचा पुरावा आहेत, फक्त तेल शेजारच्या पानावर उतरू नये म्हणून मध्ये कोरा, आम्लविरहित कागद ठेवावा. चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांपेक्षा जुन्या पोथ्यांप्रमाणे धुतलेल्या सुती कापडात बांधलेले गठ्ठे बरे. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नयेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतल्या कितीतरी तळमजल्यांवरचे दप्तर चिखलात गेले. तेव्हा खोके जमिनीवर किंवा सर्वांत खालच्या फळीवर कधीही ठेवू नयेत.

पाटीला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरते. तारेची घासणी, ॲसिड किंवा बिल्ल्यांसाठी चिंच वापरू नये, आणि उडालेल्या टवक्यांवर नवा रंग भरू नये.

वस्तूंपेक्षा माणसे लवकर हातची जातात, म्हणून आठवणींचे ध्वनिमुद्रण साफसफाई संपण्याची वाट न पाहता सुरू करावे. मालकांच्या कुटुंबाकडून सुरुवात होणे स्वाभाविक आहे, पण तेथेच थांबू नये. हेडमिस्त्री, डेंटर, पार्ट्सचा काउंटर सांभाळणारे, चहा आणणारा मुलगा, जो आता साठीचा असेल, यांच्या घरी जावे आणि सोबत जुनी छायाचित्रे किंवा एखादे हत्यार न्यावे. हातात पान्हा आला की मिस्त्रींची जीभ सैल होते, हा माझा अनुभव आहे. प्रश्न मोठे नसावेत. ‘कंपनीचा इतिहास सांगा’ म्हटले की माणूस भाषण करू लागतो. ‘काका, गाडीखाली उभे राहून काम करायचा खड्डा, म्हणजे पिट, कुठे होता आणि पावसात त्यात पाणी साचायचे का?’ असे विचारले की वर्कशॉप उभे राहते. दसऱ्याच्या पूजेत कोणती हत्यारे मांडली जात, कोणते पुलर आणि पान्हे वर्कशॉपमध्येच घडवले होते, हेही विचारावे. विक्रेत्यांना तर आवर्जून विचारावे की ते करत काय असत, कारण मोटारींची विक्री सरकारी नियंत्रणाखाली होती त्या काळात गाडी खपवण्याची गरजच नव्हती. प्रतीक्षायादीत नंबर न लागलेल्या गिऱ्हाइकाला न दुखावता परत पाठवणे हेच त्यांचे खरे कसब होते. बोलण्याच्या ओघात ‘ऑन’चे, म्हणजे ठरलेल्या किमतीवर वरून घेतलेले पैसे आणि वशिले यांचाही विषय निघेल. तो थांबवू नये, मात्र असा भाग कोणाच्या नावाने कधी खुला करायचा हे सांगणाऱ्याकडून तेथेच लिहून घ्यावे. दोघांच्या सांगण्यात विसंगती आढळली तर न्यायनिवाडा न करता दोन्ही म्हणणी ठेवावीत.

छायाचित्रे ६०० आणि कागद ३०० डीपीआयवर स्कॅन करून वहीतलाच क्रमांक फाइलला द्यावा, आणि प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. ग्राहकांची नावे व पत्ते असलेली पाने सर्वांसाठी खुली करू नयेत. संग्रह संस्थेला द्यायचा असल्यास हरियाणातील तावडू येथील हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमसारखी वाहनांची संग्रहालये आहेत. परंतु एजन्सी ज्या गावात होती तेथील जुने वाचनालय तयार असेल तर कागदांसाठी मी त्यालाच पसंती देईन, कारण त्या रजिस्टरातली नावे ओळखणारे वाचक तेथेच येतात. संस्थेकडे खोके न्यायच्या आधी यादी पाठवावी, आणि दानपत्रात दोन अटी स्पष्ट लिहाव्यात: संग्रह फोडून विकला जाणार नाही, आणि त्यावरील फलकावर मालकांच्या नावाखाली मिस्त्री व इतर कर्मचाऱ्यांची नावेही असतील.