साल्वाडोरला प्रायव्हेट गाईड घेऊन एक दिवस फिरायचं असेल तर

ब्राझील म्हटलं की सगळे आधी रिओचं तिकीट काढतात, रिओ सुंदर आहेच त्यात वाद नाही, पण मी ओळखीत कोणी तिकडे जाणार असं कळलं की हमखास सांगते की साल्वाडोरला एक दिवस तरी द्याच. बाहिया राज्यातलं समुद्रकाठचं शहर, १५४९ ला वसवलं, १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी हीच. गोव्याहून लिस्बनला परत जाणारी पोर्तुगीज जहाजं वाटेत इथे थांबायची, त्यामुळे जुन्या भागात शिरल्यावर चर्चचा दर्शनी भाग, गल्लीतले रंगीत वाडे बघून आपल्याला पणजी आठवतेच.

माझा भाऊ साओ पाउलोला नोकरीला आहे, त्याच्याकडे मी आणि आई गेलो होतो, तिथून फ्लाईटने अडीच तासांच्या आसपास. आईचे गुडघे दुखतात, पोर्तुगीज दोघींनाही येत नाही, भावाला सुट्टी मिळेना, म्हणून प्रायव्हेट टूर घेतली. खरं तर दोन घेतल्या, पहिली पार फसली आणि दुसरी इतकी छान झाली की आई अजून फोनवर सगळ्यांना सांगत असते. त्या दोन दिवसांत जे कळलं ते लिहितेय.

सगळ्यात आधी, म्हणजे टूरच्याही आधी, दोन गोष्टी. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो हे बहुतेकांना माहीत असतं, पण यलो फीव्हरची लस लोक विसरतात. ब्राझीलहून भारतात परत येताना त्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि ती घेतल्यानंतर १० दिवसांनी सर्टिफिकेट धरलं जातं, त्यामुळे जायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही, महिनाभर आधीच उरकून टाका.

आता गाईड. आमची पहिल्या दिवशीची चूक इथेच झाली. ऑनलाईन फोटो बघून, चॅटवर गोड बोलणं ऐकून बुक केलं, आणि सकाळी आला तो फक्त ड्रायव्हर. माणूस वाईट नव्हता, पण इंग्लिश जेमतेम, प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवून 'चर्च, फोटो, फोटो' एवढंच, आणि मग एका रत्नांच्या दुकानात पाऊण तास बसवून ठेवलं. संध्याकाळी आई म्हणाली, रंगीत घरं बघितली पण काही कळलंच नाही गं. मला फार वाईट वाटलं, कारण साल्वाडोर हे असं शहर आहे की जिथे प्रत्येक चौकात काहीतरी घडलेलं आहे आणि ते सांगणारं कोणी सोबत नसेल तर निम्मं शहर बघायचं राहून जातं.

ब्राझीलमध्ये टुरिस्ट गाईड हा कायद्याने नोंदणी लागणारा व्यवसाय आहे, १९९३ पासून. पर्यटन मंत्रालयाच्या नोंदणीला कादास्तूर म्हणतात. नोंदणी असलेल्या गाईडकडे फोटो असलेलं कार्ड असतं, बरेच जण ते गळ्यातच घालतात. बुकिंगच्या आधी सरळ विचारायचं, तुमचा कादास्तूर नंबर द्या, आणि तो सरकारी साईटवर टाकून बघायचा. खरा गाईड याचा अजिबात राग मानत नाही, उलट खूश होतो. आमच्या दुसऱ्या दिवशीच्या ताईंनी तर मी विचारायच्या आधीच कार्डाचा फोटो पाठवला होता.

मेसेज करताना हे सगळं एकदाच विचारून घ्या, लेखी: किती तास, पैसे माणशी की गाडीचे (बहुतेक ठिकाणी अख्ख्या गाडीचे असतात, म्हणजे चौघं असाल तर परवडतं), तिकिटं आणि पार्किंग त्यात धरलंय का, आणि गाईड स्वतः गाडी चालवणार की ड्रायव्हर वेगळा. हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो पण साल्वाडोरमध्ये खूप फरक पडतो. शहर दोन मजली आहे, वरचं शहर कड्यावर आणि खालचं बंदराच्या पातळीवर. ड्रायव्हर वेगळा असेल तर तो तुम्हाला वर सोडतो, तुम्ही गाईडबरोबर आरामात चालता, लिफ्टने खाली उतरता आणि गाडी खाली उभी असते. गाईडच चालवत असेल तर गाडी लावलेल्या जागी परत यावंच लागतं. सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर थोडे जास्त पैसे देऊन ड्रायव्हर वेगळा घ्याच. आणि 'दुकानात थांबायचं नाही' हेही त्याच मेसेजमध्ये लिहा. मी ट्रान्सलेटरवरून पोर्तुगीजमध्ये लिहून पाठवलं, म्हणजे नंतर समजलं नाही म्हणायला जागा नाही.

वार कुठला निवडायचा? सोमवारी बरीच म्युझियम बंद असतात, तो टाळा. रविवारी बीचवर पाय ठेवायला जागा नसते. शुक्रवार मला सगळ्यात आवडला कारण शुक्रवारी इथे खूप लोक पांढरे कपडे घालतात, आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या कांदोंब्ले धर्मातल्या ओशाला या देवासाठी, आणि त्याच देवाला लोक बोन्फिंच्या चर्चमधल्या येशूत बघतात, त्यामुळे त्या दिवशी चर्चजवळ वातावरणच वेगळं असतं. मंगळवार असेल तर संध्याकाळ जुन्या भागासाठी राखून ठेवा. एप्रिल ते जुलै पाऊस जास्त, मे तर चिंबच, डिसेंबर ते मार्च उन्हाळा आणि गर्दी.

आता दिवस कसा लावायचा. सकाळी साडेआठला निघा आणि सुरुवात पेलोरीन्यो म्हणजे जुन्या भागापासून करा, कारण ऊन चढलं की तिथल्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर चालणं जड जातं. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. १९८५ पासून हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. नाव ऐकायला किती गोड वाटतं, पण पेलोरीन्यो म्हणजे गुलामांना बांधून चाबकाने मारायचा खांब. आमच्या गाईडताई चौकात एका ओट्यावर आईला बसवून हे सांगत होत्या, त्या स्वतः कृष्णवर्णीय, त्यांची पणजी गुलामगिरीतली, ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट १८८८ ला. मग त्यांनी समोरच्या उतारावरचं निळं चर्च दाखवलं, रोझारिओ दोस प्रेतोस, काळ्या लोकांनी स्वतःसाठी बांधलेलं, १८ व्या शतकातलं, कारण गोऱ्यांच्या चर्चमध्ये त्यांना जागा नव्हती. दिवसभर मालकाचं काम आणि उरलेल्या वेळात आपल्या चर्चचं. मंगळवारी संध्याकाळी तिथल्या प्रार्थनेत ढोल वाजतात, आणि आमच्या पहिल्या फसलेल्या टूरमध्ये आम्ही याच चर्चसमोरून फोटो काढून निघून गेलो होतो.

सोन्याच्या मुलाम्यासाठी प्रसिद्ध असलेलं साओ फ्रान्सिस्को चर्च जुन्या माहितीत सगळीकडे पहिल्या नंबरवर दिसेल, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या छताचा भाग कोसळून एका पर्यटक मुलीचा जीव गेला आणि ते बंद केलं. त्याची सध्याची स्थिती काय ते गाईडलाच विचारून मग प्लॅनमध्ये धरा.

चौकातून परत वर येताना चढ आहे. आई मध्ये दोनदा बसली, एकदा चर्चच्या पायरीवर आणि एकदा एका दुकानाच्या दारात, आणि कोणीही घाई केली नाही. ग्रुप टूरमध्ये हे शक्यच नाही, झेंडा घेऊन पुढे गेलेल्या माणसामागे पळावं लागतं. म्हणून ठिकाणं कमी ठेवा, पाच पुष्कळ झाली. दहा ठिकाणांची यादी पाठवणारा गाईड मी तरी घेणार नाही.

जुन्या भागात दोन गोष्टी सांभाळा. कोणीतरी येऊन हाताला पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढतं किंवा मनगटाला फीत बांधतं, भेट आहे म्हणतं, आणि मग पैसे मागतं. हसून 'नाऊं, ओब्रिगादा' म्हणायचं (बाईने ओब्रिगादा, पुरुषाने ओब्रिगादू) आणि चालत राहायचं. घेरदार पांढऱ्या झग्यातल्या बायकांबरोबर फोटोचेही पैसे असतात, ते आधी विचारून द्या, त्यांचं ते पोट आहे. मोबाईल हातात मिरवू नका, आणि वरच्या शहरातून खालच्या शहरात उताराच्या रस्त्याने चालत जाऊ नका, निर्जन असतो.

खाली जायला एलेवादोर लासेर्दा. १८७३ पासून चालू असलेली ७२ मीटर उंचीची लिफ्ट, बसलो न बसलो तोच खाली. पण आत शिरायच्या आधी बाहेरच्या कठड्याशी उभं राहून खाडी बघा, तिथून अख्खं बंदर दिसतं. खाली समोरच मेर्कादो मोदेलो, जुन्या कस्टम हाऊसच्या इमारतीतला हस्तकलेचा बाजार, भाव करायला हरकत नाही. अर्धा तास बास.

मग गाडीने बोन्फिं. टेकाडावरचं पांढरं चर्च आणि बाहेरच्या जाळीला हजारो रंगीत फिती, वाऱ्यावर नुसत्या फडफडत असतात. पोर्तुगीजमध्ये तिला फीता म्हणतात, आणि आपला फीत हा शब्द तिथूनच आलाय. पगार, चावी, पाव, बटाटा हे पण तसेच. मी हे गाईडताईंना सांगितलं तर त्या मला एकेक वस्तू दाखवून विचारायला लागल्या, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता! फीत बांधताना तीन गाठी, प्रत्येक गाठीला एक इच्छा, आणि ती कापायची नाही, आपोआप तुटू द्यायची. आईची सहा महिन्यांनी भांडी घासताना तुटली. आतमध्ये बाजूला नवसाची खोली आहे, ती चुकवू नका. छताला मेणाचे हात, पाय, डोकी टांगलेली, बरे झालेल्यांनी आणून दिलेली. आई एकदम म्हणाली, अगं हे तर माउंट मेरीसारखं. वांद्र्याला जत्रेत मेणाचे हात-पाय वाहतात ना, अगदी तेच, आणि त्या खोलीत आई बराच वेळ हात जोडून उभी राहिली.

तिथून हिबेइरा हा भाग अगदी जवळ आहे, १९३१ पासूनचं आईस्क्रीमचं दुकान आहे तिथे. आंबा-चॉकलेट नका घेऊ, उंबू, काजा, मांगाबा असली इथलीच फळं मागा. आणि काजूचं सरबत कुठे मिळालं तर प्याच, काजू मुळात इथलाच, पोर्तुगीजांनी गोव्याला आणला, आणि त्या सरबताला आपल्या बोंडूचाच वास येतो.

जेवणाचं. अकाराजे खाल्ल्याशिवाय परतू नका. चवळी भिजवून, सालं काढून, कांद्याबरोबर वाटतात, फेटून फेटून हलकं करतात आणि डेंडे म्हणजे लाल पाम तेलात तळतात. बघताना वाटतं आपला वडाच. मग तो मधून चिरून आत सारण भरतात. बाई तुम्हाला विचारेल 'केंची की फ्रिऊ', म्हणजे गरम की थंड, पण तिला म्हणायचं असतं तिखट घालू की नको. मी आपलं केंची म्हटलं, गरमच हवा होता मला, आणि मिरचीचा ठसका लागला, पण मस्त लागला. व्हेज खाणाऱ्यांनी नीट लक्ष द्या: वरची सुकी कोळंबी काढली तरी वातापा नावाच्या घट्ट सारणात आणि भेंडीच्या कारुरूतही बहुतेक वेळा सुकी कोळंबी वाटलेली असते. त्यामुळे नुसतं 'कोळंबी नको' सांगून भागत नाही, फक्त टोमॅटोची कोशिंबीर आणि तिखट घालून द्या असं गाईडकडून सांगून घ्या, आणि तळायच्या तेलाचंही तिलाच विचारायला लावा. मासे खात असाल तर दुपारी मोकेका, मातीच्या भांड्यात, नारळाचं दूध आणि डेंडे घातलेलं, भाताबरोबर. एक प्लेट दोघांना आरामात पुरते, आधी विचारून मागवा.

जेवून झालं की पुढे काही ठेवू नका, थेट बारा नावाच्या समुद्रकाठच्या भागात जा. लिहितात बारा पण म्हणतात बाहा. टोकाला किल्ल्यातलं दीपगृह आहे, आत जहाजांचं म्युझियम, हौस असेल तर बघा. आईला नव्हती, आम्ही सरळ पोर्तु दा बाराच्या छोट्या बीचवर गेलो. पाणी शांत, खुर्च्या आणि छत्री भाड्याने मिळतात, भाव बसायच्या आधी ठरवा. ब्राझीलचे बरेच किनारे पूर्वेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सूर्य समुद्रात बुडताना दिसत नाही, पण हा बीच खाडीच्या तोंडाशी पश्चिमेला वळलेला आहे आणि इथे तो थेट पाण्यात उतरतो, आपल्या कोकणात उतरतो तसा. फक्त तो लवकर मावळतो हे लक्षात ठेवा, जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास आणि डिसेंबरमध्येही सहाच्या आत, म्हणून साडेचारला तिथे पोचायचंच असं गाईडला सकाळीच सांगून ठेवा. सूर्य गेला तेव्हा बीचवरच्या सगळ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आई पण वाजवायला लागली.

हॉटेल बारामध्येच घेतलंत तर टूर इथेच संपवता येते, गाडी सोडून द्या आणि गर्दी आहे तोवर चालत परत या. टीप द्यायची असेल तर रोख, ड्रायव्हरची वेगळी आणि गाईडची वेगळी, आणि गाईडचा नंबर सेव्ह करून ठेवा, आम्हाला दुसऱ्या दिवशी एअरपोर्टला जायला चांगली गाडी त्यांनीच बघून दिली.