टोनलाइटची मोजणी: खान्देशातून भूशास्त्राला आलेल्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडच्या मुलांचा डोळा काळ्या दगडाला सरावलेला असतो. पायाखाली बेसाल्ट, नंदुरबारकडचे डाइकही (खडकाच्या भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंतीही) काळेच. मग कर्नाटकच्या सहलीत उजळ, भरड दगड दिसला की वहीत ‘ग्रॅनाइट’ लिहून मोकळे. तो टोनलाइटही असू शकतो, म्हणजे ग्रॅनाइटसारखाच दिसणारा, पण ज्यातलं जवळजवळ सगळं फेल्डस्पार प्लॅजिओक्लेज या एकाच प्रकारचं असतं असा दगड. फरशीवाल्याने म्हणावं, तो ओट्याच्या काळ्या डोलेराइटलाही ग्रॅनाइटच म्हणतो.

ताज्या फुटीचा तुकडा घ्या आणि दहापट भिंगाखाली उन्हात हळूहळू कलता करा. पांढऱ्या कणाच्या चकाकत्या सपाटीवर बारीक समांतर रेघा उमटल्या, तर ते प्लॅजिओक्लेज (सोडियम-कॅल्शियमवालं फेल्डस्पार). काचेसारखा करडा, वेडावाकडा फुटलेला तो क्वार्ट्ज. रेघा नाहीत म्हणून लगेच पोटॅश (पोटॅशियमवालं) फेल्डस्पार ठरवू नका. आणि ‘गुलाबी तो पोटॅश’ ही सीनियरकडून आलेली खूण अर्धवट आहे. पोटॅश फेल्डस्पार पांढराही असतो.

खरा खड्डा मोजणीत आहे. थिन सेक्शनवर (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या दगडाच्या पातळ चकतीवर) ठरावीक अंतराने 500 बिंदू घेऊन प्रत्येकाखालचं खनिज मोजलं, समजा: क्वार्ट्ज 85, प्लॅजिओक्लेज 290, पोटॅश फेल्डस्पार 15, बायोटाइट आणि हॉर्नब्लेंड ही काळी खनिजं मिळून 110. क्वार्ट्ज झाला 17 टक्के. हाच आकडा दगडांची नावं ठरवायच्या त्रिकोणी आकृतीत टाकला की दगड क्वार्ट्ज डायोराइटच्या घरात जाऊन बसतो. चूक! आकृती फक्त क्वार्ट्ज आणि दोन फेल्डस्पारांची आहे. काळी खनिजं आधी वगळा. उरले 390. त्यात 85 म्हणजे 21.8 टक्के, सीमा 20 ची. आता फेल्डस्पार वेगळे धरा: 305 पैकी 290 प्लॅजिओक्लेज, म्हणजे 95 टक्के. 90 च्या वर, म्हणून टोनलाइट. हेच प्रमाण 65 ते 90 मध्ये असतं तर ग्रॅनोडायोराइट. परीक्षेत गुण जातात ते या एका भागाकारापायी. भूशास्त्र कच्चं असतं म्हणून नव्हे.

वगळलेले 110 फेकू मात्र नका. काळ्या खनिजांचा वाटा पूर्ण 500 वर काढायचा: इथे 22 टक्के. तो 10 च्या खाली आला असता, तर त्याच दगडाला ट्रॉन्डजेमाइट म्हणता आलं असतं.

तयार मोजणीपत्रकं कोणाची उतरवू नका, त्यातली चूकही सोबत येते. दोन-तीन सेक्शन स्वतः मोजले की हात बसतो. अवघड काही नाही.

पोटॅश फेल्डस्पार पिवळा करण्यासाठी सोडियम कोबाल्टिनायट्राइट वापरतात, पण त्याआधी पृष्ठ हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरवडावं लागतं. धूरकपाट (वाफा बाहेर ओढणारं प्रयोगशाळेतलं कपाट) आणि या आम्लाच्या भाजण्यावरचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल, तर बाटलीचं झाकणही उघडू नका.