कोकणात पादचारी-सायकल पूल उभारताना पायाच्या या चुका टाळा

मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला आणि अनेक गावांत घरं एका बाजूला, शाळा नि बाजार दुसऱ्या बाजूला अशी गत झाली. तिथे चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी पूल हवेतच. पण ‘हलका पूल आहे, खाली जांभा आहे, एवढी तपासणी कशाला?’ असं साइटवर कोणी म्हणालं की मला काळजी वाटते.

पहिली चूक तीच: जांभा लागला म्हणजे खडक लागला, असं धरून चालणं. जांभ्याचं वरचं कवच उघड्यावर वाळून टणक झालेलं असतं. त्याखाली बऱ्याच ठिकाणी शेडी असते, पांढरट-पिवळसर, मऊ माती. कोरडी असताना ती उभी कापली तरी राहते; पाणी मुरलं की बोटांनी दाबली जाते. काळा कातळ आणखी खाली. एसपीटी चाचणीत (जमिनीत नळी ठोकून माती किती घट्ट आहे ते बघतात) ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो आणि कवचावर लगेच ‘रिफ्युजल’ मिळतं, म्हणजे ठोकूनही नळी आत जात नाही. बोअर, म्हणजे तपासणीचं भोक, पाडणारा तिथेच थांबतो. त्याला थांबू देऊ नका. कवच पार करून काळ्या कातळात किमान तीन मीटर कोअर (दगडाचा सलग गोल नमुना) घ्या, कारण मुरमात अडकलेला मोठा गोटाही कातळासारखाच भासतो. आणि प्रत्येक खांबाला स्वतंत्र बोअर हवा. शेडीची जाडी थोड्याच अंतरात बदलते.

कोअरची पेटी स्वतः उघडून बघा. दीड मीटर खोदून हातात जेमतेम अर्धा मीटर दगड आला असेल, तर बाकीचं गेलं कुठे? शेडी पाण्याबरोबर वाहून गेली, की खाली पोकळी आहे? जांभ्याखाली पाण्याने कोरलेली बिळं सापडतात. खोदताना बोअरमध्ये सोडलेलं पाणी अचानक वर यायचं बंद झालं, तर ती खोली लगेच लॉगमध्ये, म्हणजे बोअरच्या नोंदीत, लिहून घ्या. छापील अहवालात ही ओळ बहुतेक वेळा गळते.

दुसरी चूक: मे महिन्यात बोअर घेऊन ‘पाणी लागलं नाही’ असं लिहिणं. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आसपासच्या विहिरींना श्रावणात पाणी कुठवर चढतं ते गावात विचारा आणि पायाची भारक्षमता त्या पातळीवर तपासा.

रॅम्पकडे तर फारच कमी लक्ष जातं. महामार्गावर साडेपाच मीटर मोकळी उंची, वर गर्डर, म्हणजे पुलाचा चालायचा पृष्ठभाग साडेसहा मीटरच्या आसपास जातो. सायकलसाठी १:२० चढ धरला तर प्रत्येक बाजूला १३० मीटर रॅम्प. पूल हलका असला तरी रॅम्पच्या पुलाकडच्या टोकाशी भरावाचं वजन दर चौरस मीटरला बारा टनांच्या घरात असतं. खाडीकाठच्या चिखलावर असा भराव वर्षानुवर्षं खचत राहतो. पूल जागेवर, रॅम्प खाली. सांध्यावर पायरी तयार होते आणि सायकलचं पुढचं चाक तिथेच आदळतं. अशा जागी रॅम्पचा उंच भाग खांबांवर घ्या. ते जमत नसेल तर भराव आधी टाकून ठेवा, खचण्याची मोजमापं घ्या आणि ती स्थिरावल्यावरच वरचं काम करा.

हलक्या पुलाच्या पायावर उभ्या भाराइतकाच आडवा भारही महत्त्वाचा असतो: वारा, ट्रकची धडक, भूकंप. १९६७ चा कोयनेचा भूकंप चिपळूणपासून लांब झाला नव्हता. त्यामुळे उलटण्याची आणि सरकण्याची तपासणी चुकवू नका.

खोदाई झाली की त्याच दिवशी पीसीसी (सळयांशिवायचं साधं काँक्रीट) टाका. रात्रीच्या एका सरीने शेडीचा तळ मऊ पडला, तर मऊ थर पूर्ण काढून तिथे काँक्रीट भरा; वर खडी पसरवून झाकू नका.

पूल झाल्यावर सांध्याजवळ भेग दिसली, तर नुसतं प्लास्टर करू नका. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवा (भेग वाढली की ती तडकते), दर महिन्याला फोटो काढा. पावसाळ्यातच भेग वाढत असेल तर आधी रॅम्पवरचं पाणी कुठे मुरतंय ते शोधा. बारा महिने सारखी वाढत असेल तर खालची माती खचते आहे, तेव्हा नवीन बोअर घ्यायलाच हवा.