नक्कल काढायला कोर्टात जाण्याआधी

फौजदारी खटल्याचे कागद काढायला निघण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर सगळ्यात वर केस नंबर लिहा. आरोपीचं नाव, गाव, घटनेची तारीख हे सगळं त्याखाली. तालुक्याच्या विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून काम करताना मी नक्कल विभागाच्या, म्हणजे न्यायालयाच्या कागदांच्या सही-शिक्क्याच्या प्रती देणाऱ्या विभागाच्या, खिडकीवरून रिकाम्या हातांनी परत जाणारी पुष्कळ माणसं पाहिली. त्यांतल्या बहुतेकांकडे हा नंबरच नसायचा. "माझ्या भावाची केस आहे, पाच वर्षांपूर्वीची, मारामारीची," एवढ्यावर रेकॉर्ड रूममधून काहीही निघत नाही. तिथले गठ्ठे नंबराने आणि वर्षाने लावलेले असतात. एका खेपेत एसटीचं भाडं जातं, दिवसाची मजुरी जाते आणि परत यायचं ते पुढच्या आठवड्यात. महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत ही खेप वाचावी, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

नंबर म्हणजे नेमका कोणता, इथेच पहिला घोळ होतो. एकाच प्रकरणाला तीन नंबर असू शकतात. पहिला पोलीस ठाण्याचा, म्हणजे गुन्हा रजिस्टर क्रमांक. एफआयआरवर तो गु.र.क्र. म्हणून असतो. तपास संपून चार्जशीट, म्हणजे पोलिसांचं दोषारोपपत्र, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दाखल झालं की न्यायालय आपला नंबर देतं: आर.सी.सी., म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस, किंवा एस.सी.सी., म्हणजे समरी क्रिमिनल केस. चेक न वटल्याच्या तक्रारी बहुधा एस.सी.सी.मध्ये सापडतात. गुन्हा सत्र न्यायालयात चालण्यासारखा असेल, तर दंडाधिकारी तो तिकडे पाठवतात. याला केस कमिट झाली असं म्हणतात. तिकडे गेल्यावर त्याच खटल्याला सेशन्स केसचा तिसरा नंबर पडतो. म्हणजे गुन्हा २०१८ चा, आर.सी.सी. २०१९ ची आणि सेशन्स केस २०२० ची असं सहज होऊ शकतं. यातला दुसरा नंबर घेऊन तालुक्याच्या खिडकीवर गेलात, तर केस इथे नाही, जिल्ह्याला गेली, असं उत्तर मिळेल आणि ते खरं असेल. कागदावर तिन्ही नंबर एकाखाली एक लिहा. जो माहीत नाही त्याची जागा मोकळी ठेवा.

काही प्रकरणांना दुसरा नंबर पडतच नाही, कारण पोलिसांनी चार्जशीटऐवजी समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवलेला असतो. गुन्हा घडला पण आरोपी सापडला नाही तर ए समरी, तक्रार मुद्दाम खोटी दिल्याचं दिसलं तर बी समरी, आणि गैरसमजातून दिलेली तक्रार किंवा मुळात दिवाणी वाद निघाला तर सी समरी. आर.सी.सी. शोधून दमला असाल तर पोलीस ठाण्यात एवढंच विचारा, "समरी गेली का, कोणती गेली आणि कधी?"

नंबर शोधायची सुरुवात घरातूनच करा. समन्स, वॉरंट, जामिनाचे कागद, वकिलांनी दिलेली एखादी तारखेची चिठ्ठी, यातल्या कशावर तरी नंबर असतोच. ट्रंकेच्या तळाशी, देवघराच्या मागे, रेशनकार्डाच्या पिशवीत, सगळीकडे पाहा. मग जुन्या वकिलांना फोन करा. त्यांच्या डायरीत नंबर आणि तारखा दोन्ही असतात.

हे सगळं करून झालं की मोबाइलवर ई-कोर्ट्स, म्हणजे न्यायालयांच्या केसची माहिती देणारी सरकारी वेबसाइट, उघडा. तिथे जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने, केस नंबरने, वकिलाच्या नावाने किंवा एफआयआरच्या नंबराने शोधता येतं. माझ्या अनुभवात एफआयआरचा मार्ग सगळ्यात खात्रीचा: पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, वर्ष. नावाने शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्यात पहिला पक्ष महाराष्ट्र शासन असतो, आरोपी दुसऱ्या बाजूला. आणि नाव इंग्रजी अक्षरांत कसं टाइप झालंय याचा नेम नसतो. जाधव हे आडनाव विदर्भात शेवटी 'ओ' लावून लिहितात, दीपकचा 'दी' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. म्हणून आधी नुसतं आडनाव, मग नुसतं नाव, मग आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं असं करून बघा. वर्षाच्या रकान्यात घटनेचं वर्ष टाकून काही आलं नाही, तर पुढची दोन-तीन वर्षं टाका, कारण तिथे केस न्यायालयात दाखल झाल्याचं वर्ष धरतात. निकाली केस हवी असेल तर 'प्रलंबित' वरची खूण काढून 'निकाली' वर करा.

केस सापडली की सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक आधी उतरवून घ्या. त्यात पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचे दोन आकडे, सहा आकडी अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष. हा एक क्रमांक असला की पुढच्या वेळी नाव, संकुल काहीच भरावं लागत नाही.

ऑनलाइन काही सापडलं नाही म्हणजे केसच नव्हती, असं मात्र समजू नका. जुन्या खटल्यांची नोंद संगणकावर नसू शकते, स्पेलिंग चुकलेलं असू शकतं. आणि उलट बाजूने, नाव सापडलं म्हणजे तोच माणूस असंही धरून चालू नका. स्थळ बघताना, भाडेकरू ठेवताना, नोकरी देताना लोक हल्ली नाव टाकून पाहतात. एकाच नावाचे चार जण एका तालुक्यात असतात. वडिलांचं नाव, वय, पत्ता जुळल्याशिवाय कुणाबद्दल एक शब्दही बोलू नका. आणि केस असणं वेगळं, दोषी ठरणं वेगळं. निकाल वाचल्याशिवाय तेही बोलू नका. दुसऱ्याच माणसाच्या केसमुळे मोडलेलं एक लग्न मी पाहिलं आहे. त्या मुलीच्या वडिलांचा चेहरा अजून आठवतो.

आता कागद कोणता हवा ते ठरवा. 'सगळी फाइल' मागू नका, पैसे आणि दिवस दोन्ही वाढतात. निर्दोष सुटल्याचा पुरावा द्यायचा असेल तर निकालपत्र पुरतं. केस कुठे अडली, कोणत्या तारखेला काय झालं हे समजून घ्यायचं असेल तर रोजनामा मागा. तो फार बोलका कागद आहे आणि लोकांना त्याची आठवणच होत नाही. साक्षीदार काय बोलला ते हवं असेल तर साक्षीची नक्कल, आणि ती निशाणी क्रमांकासह, म्हणजे न्यायालयाने फाइलमधल्या त्या कागदाला दिलेल्या क्रमांकासह, मागायची. अर्जात असं लिहा: 'आर.सी.सी. अमुक/अमुक, सरकार विरुद्ध अमुक, निशाणी ४५ वरील साक्षीदार क्रमांक ३ ची साक्ष, उलटतपासासह.' निशाणी माहीत नसेल तर निकालपत्र आधी वाचा, त्यात प्रत्येक कागदाची निशाणी दिलेली असते. नुसती माहिती हवी असेल तर ई-कोर्ट्सवर चढवलेले आदेश आणि निकाल फुकट वाचता येतात. पण कुठे दाखल करायचं असेल तर सही-शिक्क्याची नक्कलच लागते.

तुम्ही त्या खटल्यात कोण आहात, यावर बाकीचं बरंच ठरतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्याआधीच्या कागदांवर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं दिसतील, गोंधळू नका. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत मोफत मिळते. आरोपीला चार्जशीट आणि सोबतचे कागद मोफत द्यावे लागतात, आणि नव्या संहितेच्या कलम २३० नुसार तो न्यायालयात हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत. पीडिताच्या बाजूने वकील असेल तर पीडितालाही ते मिळतात. कैदेची शिक्षा झाली तर निकालाची प्रत आरोपीला तिथल्या तिथे, फुकट. एकदा एक आई निकालानंतर सव्वीस दिवसांनी माझ्याकडे आली होती, नक्कल काढायला पैसे नाहीत म्हणून थांबली होती. प्रत मुलाच्या सामानात, तुरुंगातच पडून होती. म्हणून अर्ज करण्याआधी तुरुंगातल्या माणसाला आणि वकिलाला एकदा विचारा.

निकालाचा ज्याच्यावर परिणाम होतो अशा कुणालाही अर्ज करून आणि शुल्क भरून निकालाची, साक्षीची किंवा इतर कागदांची नक्कल मागता येते. त्रयस्थ असाल तर उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे जावं लागतं, म्हणून कागद कशासाठी हवेत हे अर्जात स्पष्ट आणि खरं लिहा. इथे बरेच जण माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात आणि महिना घालवतात. न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांनीच मागायच्या, माहिती अधिकारातून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. चार्जशीट वेबसाइटवर शोधण्यातही वेळ घालवू नका. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २०२३ मधला आहे. एफआयआर मात्र त्याच न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात, संवेदनशील गुन्हे सोडून. पोलिसांची केस डायरी, म्हणजे तपासाची रोजची नोंद, आरोपीलाही मागता येत नाही. लैंगिक अत्याचार आणि बालकांच्या प्रकरणांत पीडिताची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, तेव्हा हक्काने मिळालेला कागदसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवरही नाही.

जायच्या दिवशी सोबत ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स घ्या, नंबरांचा तो कागद घ्या, अर्जाच्या दोन प्रती घ्या, म्हणजे एकीवर पोच मिळेल. कोर्ट फी स्टॅम्पला आणि नकलेच्या शुल्काला सुटे पैसे असू द्या. शुल्क पानांवर ठरतं, म्हणून अंदाजे किती पानं होतील ते खिडकीवर विचारा. घाई असेल तर अर्जंट नकलेची सोय विचारा. पक्षकार स्वतः येऊ शकत नसेल तर वकीलपत्र असलेल्या वकिलांमार्फत अर्ज करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळतं. हे मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

रेकॉर्ड इथे नाही असं सांगितलं तर लगेच मागे फिरू नका, कुठे आहे ते विचारा. अपील झालं असेल तर मूळ रेकॉर्ड वरच्या न्यायालयाने मागवून घेतलेलं असू शकतं. निकाल जुना असेल तर गठ्ठा अभिलेख कक्षात गेलेला असतो. फार जुना असेल तर काही कागद नियमाप्रमाणे नष्टही केलेले असतात. तशा वेळी तोंडी उत्तरावर थांबू नका, अर्जावरच तसा शेरा लिहून मागा. पुढे कुठल्याही कचेरीत कागद का जोडला नाही असं विचारलं, तर तो शेरा कामी येतो.

अपील करायचं असेल तर नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका, फार तर दुसऱ्या दिवशी. दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस असतात, सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात साठ. फाशीच्या शिक्षेला मात्र तीसच. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, पण अर्ज टाकल्यानंतरचेच. घरी बसून घालवलेले दिवस कुणी परत देत नाही. म्हणून नक्कल हातात पडली की खिडकी सोडण्याआधी ती उलटी करून बघा. अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, ती दिल्याची तारीख आणि भरलेलं शुल्क, सगळं नोंदलेलं आहे का पाहा. मग पानं मोजा, शिक्का आणि सही पाहा, नाव आणि केस नंबर बरोबर आहे का वाचा, मधलं एखादं पान अर्धवट किंवा पुसट निघालंय का ते उजेडाकडे धरून तपासा. चूक असेल तर तिथेच दाखवा. सगळं नीट असेल तर बाहेर पडून आधी दोन झेरॉक्स काढा. मूळ नक्कल कुणाच्याही हातात सोडू नका, वकिलांना द्यायची झाली तर तारीख घालून पोच घ्या.