कडुनिंबापासून चांदीचे नॅनोकण, आणि मुगावर चाचणी

शेतीतलं नॅनो तंत्रज्ञान विज्ञान प्रदर्शनात मांडायचं तर चांदीचे नॅनोकण (नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या, मापात मोजले जाणारे अतिसूक्ष्म कण) बरे पडतात, कारण ते शाळेच्या प्रयोगशाळेतच तयार होतात.

कडुनिंबाची 10 ग्रॅम ताजी पानं धुऊन चिरा, 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा मिनिटं उकळा, गार झाल्यावर गाळणकागदातून गाळा. दुसरीकडे 1 लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 0.17 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवून तपकिरी बाटलीत ठेवा. हातमोजे आणि चष्मा हवाच. कातडीवर पडलेले काळे डाग काही दिवस जात नाहीत.

आता 90 मिली द्रावणात 10 मिली अर्क घाला. फिकट पिवळा रंग काही तासांत तपकिरी होत जातो. रंगाऐवजी दुधी गढूळपणा आला तर पाण्यात क्लोराईड आहे आणि तुम्ही सिल्व्हर क्लोराईड बनवलंय. नळाचं पाणी इथेच घात करतं. म्हणून आधीच थोड्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून बघा.

द्रावणातून लेझर सोडल्यावर त्याचा झोत दिसला म्हणजे नॅनोकण सिद्ध झाले, असं पोस्टरवर लिहू नका. नुसत्या अर्कातही झोत दिसू शकतो. जवळच्या महाविद्यालयात स्पेक्ट्रोफोटोमीटर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) असेल तर 400 ते 450 नॅनोमीटरच्या दरम्यान शोषणाचं शिखर येतं का ते तपासून घ्या.

मुगाच्या चाचणीला चार गट लागतात: पाणी, नुसता अर्क, नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि नॅनोकण. नुसता अर्क आधी मिश्रणात होता तेवढाच करून घ्या, म्हणजे 90 मिली पाण्यात 10 मिली; मग पाणी सोडून बाकी तिन्ही दहापट पातळ करा. प्रत्येक गटाच्या तीन पेट्री डिश. प्रत्येकीत गाळणकागद, 25 दाणे, 5 मिली द्रव. तिसऱ्या दिवशी मोड मोजा, पाचव्या दिवशी मुळांची लांबी. बुरशीची नोंद वेगळी ठेवा: चांदीने बुरशी रोखली म्हणून मोड जास्त दिसले, तर ती वाढ खताची नव्हे.

उरलेलं द्रावण कुंडीत ओतू नका, चांदी मातीतल्या जिवाणूंनाही मारते. मीठ घालून साका बसू द्या आणि रासायनिक कचऱ्यात द्या.

प्रयोगाला चांदीऐवजी नॅनो युरियाच (पिकावर फवारायचं द्रवरूप नत्र खत) घ्यायचा असेल तर आधी हिशेब मांडा. 2021 साली इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेने आणलेल्या पहिल्या बाटलीत 4 टक्के नत्र होतं: 500 मिलीत साधारण 20 ग्रॅम. साध्या युरियाच्या 45 किलोच्या गोणीत ते 20 किलोंहून जास्त असतं. त्यामुळे पाण्याच्या फवाऱ्यासोबत, तेवढंच नत्र असलेल्या साध्या युरियाच्या फवाऱ्याचाही गट ठेवा. नेमका हाच गट बहुतेक जण विसरतात.