छोट्या हॉलमधला ट्रिब्यूट शो: या चुका टाळा

छोट्या हॉलमध्ये ट्रिब्यूट बँड, म्हणजे गाजलेल्या बँडची गाणी त्याच्याच थाटात वाजवणारा बँड, सहसा गाण्यांच्या तयारीत मार खात नाही. सोलो तोंडपाठ असतो, विग असतो, चामड्याचं जॅकेटही असतं. मार बसतो तो आवाजात, आणि खापर फुटतं मिक्सरवर बसलेल्याच्या डोक्यावर. निम्म्याहून जास्त वेळा ते स्टेजवरच फुटायला हवं.

अ‍ॅम्प पोटऱ्यांना ऐकवणं

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हट्टी चूक. गिटारवाला अ‍ॅम्प जमिनीवर ठेवतो आणि त्याच्यापुढे दीड-दोन हातांवर उभा राहतो. १२ इंची स्पीकरचा तिखट आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. तो पोटऱ्यांना लागून पहिल्या रांगेच्या कानात घुसतो आणि वाजवणाऱ्याला मात्र बोदाच ऐकू येतो. मग तो ट्रेबल वाढवतो, थोड्या वेळाने व्हॉल्यूम.

पुढचा क्रम ठरलेला. बेसवाला वाढवतो. ड्रमर आणखी जोरात हाणतो. गायकाला स्वतःचा आवाज येईनासा होतो, तो मॉनिटर (स्वतःचं ऐकू यावं म्हणून गायकाकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) वाढवायची खूण करतो आणि दुसऱ्या कडव्यात माइक शिट्टी मारतो. मिक्सरवाला नाइलाजाने गायकालाच खाली आणतो. हॉलमध्ये शब्द सोडून सगळं ऐकू येतं. हे मिक्सरवरून दुरुस्त होत नाही, कारण गिटारचा फेडर (मिक्सरवरचा आवाजाचा सरकता खटका) शून्यावर असला तरी अ‍ॅम्प वाजतच असतो.

अ‍ॅम्प खुर्चीवर चढवा किंवा मागे कलता ठेवून त्याचं तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे करा. त्याहून बरं म्हणजे स्टेजच्या कडेला ठेवून आडवा रोखा. १०० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प दिमाखासाठी आणू नका. १०० वरून ५० वॉटवर आल्याने जेमतेम ३ डेसिबल कमी होतात. अशा हॉलला १५-२० वॉट भरपूर.

साउंड चेकची सुरुवात किक ड्रमपासून करून त्यावर वीस मिनिटं घालवायची पद्धत मला अजिबात पटत नाही. आधी गायकाचा माइक मॉनिटरमध्ये घ्या, शिट्टीच्या जरा अलीकडे थांबा, मग सगळ्यात दणदणीत गाणं सगळ्यांनी मिळून वाजवा. बाकीच्यांची हद्द तिथेच ठरते. चेकला गुणगुणून रात्री किंचाळणाऱ्या गायकांना काय म्हणावं!

शिट्टी आली की इक्वलायझरच्या दहा पट्ट्या पाडणं

आधी माइक आणि मॉनिटरची जागा बघा. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचं ऐकणारा) बरोबर पाठीमागे सगळ्यात बहिरा असतो, म्हणून मॉनिटर थेट त्याच्या शेपटीसमोर. सुपरकार्डिऑइडची (समोरचं आणखी अरुंद टप्प्यात ऐकणाऱ्या माइकची) बहिरी जागा तोंडापासून साधारण १२५ अंशांवर, म्हणजे मॉनिटर थोडे बाजूला सरकवायचे. गायकाने जाळीभोवती मूठ आवळली की दोन्ही हिशेब संपले, माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो. मूळ गायकाची ती पोझ कितीही गाजलेली असो, हात दांडीवरच ठेवा. गायकाच्या चॅनलला १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास लावा, म्हणजे त्याखालचा घुमारा कापला जातो. तरीही वाजलं तर इक्वलायझरवर (आवाजाचे जाड-बारीक पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करतो तो) नेमकी एकच पट्टी ३ डेसिबल उतरवा. दहा उतरवल्या तर आवाज टेलिफोनसारखा होतो आणि गायक पुन्हा वाढवायलाच सांगतो.

घरी हेडफोनवर बनवलेले टोन

कमी आवाजात कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून घरी बसून ते वाढवले जातात आणि मिड, म्हणजे या दोन्हींमधला पट्टा, खाली जातो. स्टेजवर तोच टोन बोचतो, बेस आणि झांजांच्या गर्दीत हरवतो. प्रीसेट (साठवून ठेवलेले टोन) तालमीच्या खोलीत ड्रमसोबत पुन्हा बसवा: मिड वर, गेन (आवाज फाटवणारं बटण) घरच्यापेक्षा कमी. सोलोच्या प्रीसेटला ३-४ डेसिबल जास्त द्या.

बॅकिंग ट्रॅक

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा ऑपेराचा भाग क्वीनसुद्धा मंचावर टेपवरूनच वाजवत असे, त्यामुळे आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावण्यात लाज नाही. घोळ होतो तो क्लिकचा, म्हणजे ताल धरायला कानात वाजणाऱ्या टिकटिकीचा. एका बाजूला ट्रॅक, दुसऱ्या बाजूला फक्त ड्रमरसाठी क्लिक, असं ठेवत असाल तर दोन वेगळे डीआय (लॅपटॉपचा आवाज मिक्सरपर्यंत नीट पोचवणारे डबे) घ्या आणि क्लिकचा चॅनल मेनमध्ये (लोकांकडच्या स्पीकरमध्ये) जात नाही याची खात्री दार उघडण्याआधी करा. लॅपटॉप विमान मोडवर.

बाकीचं थोडक्यात

घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, जीव जाईल. डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट त्यासाठीच असतो. फँटम पॉवर (मिक्सरमधून माइकला जाणारी वीज) चालू-बंद करताना चॅनल म्यूट. अर्धा स्वर खालची गाणी असतील तर दुसरी गिटार लावून तयार ठेवा. लोकांसमोर खुंट्या पिळत बसू नका. रिकाम्या हॉलचा ट्रेबल अंतिम मानू नका, माणसं भरली की तो शोषला जातो. इअरप्लग वापरा: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या निकषात अशा ठिकाणांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा आहे.

दोन बँड असतील तर ड्रमचे शेल (नुसते ढोल) आणि बेसचा अ‍ॅम्प सामायिक. स्नेअर, झांजा आणि किकचं पेडल ज्याचं त्याने आणायचं. शेवटची टाळी पडली की आधी सामान उचलून स्टेजवरून उतरायचं. झांजा स्टँडवरून काढून पिशवीत भरणं, केबल गुंडाळणं, फोटो, सगळं खाली. दोन बँडमध्ये पंधरा मिनिटं असली तर त्यातली दहा पुढच्या ड्रमरलाच लागतात.